रांग सोडून गेलेली विद्यार्थिनी
स्पिरिटचा वास आला की आठवणारी ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. तंजावूरच्या आमच्या कॉलेजात काविळीची लस तेव्हा नवीनच आली होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. लस टोचून घ्यायच्या रांगेतून पापनाशम गावच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सार, सुई घेऊ का?" मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कावेरीचं पाणी पिऊन वाढलीस ना? झालीच कावीळ, तर भुईआवळा ताकातून घे, पळून जाते!" पोरं हसली, ती रांग सोडून गेली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळीच ती काविळीने अंथरुणाला खिळली. भेटायला गेलो, तर वडील दारातच म्हणाले, "शिक्षण पुरे झालं, सार. आता लग्न." आत पिवळ्या डोळ्यांनी ती हसली, "सार, तुमचं औषध रोज घेते." मी "घेत जा" म्हणालो आणि उठलो. माझं चुकलं, एवढं तिला सांगायचं अजून राहिलंच आहे.