मागे बांधलेली लाल गाडी

निखिलचा फोन आला तेव्हा मी ईलिंगमध्ये फार्मसीच्या रांगेत उभी होते. मंगळवारची सकाळ. निखिल म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, नीलिमाचा मुलगा. इथेच जन्मला, इथेच वाढला, आता केंब्रिजला नोकरी करतो. तो एरवी मला फोन करत नाही, मेसेज पाठवतो. "शुभामावशी, आई गेला," तो म्हणाला आणि थांबला. मग अगदी हळू, चुकलेलं गणित सुधारून लिहावं तसं, "गेली. आई गेली." त्याची मराठीतली लिंगं लहानपणापासून चुकत आली आणि नीलिमा ती न कंटाळता दुरुस्त करत आली. आज दुरुस्त करायला ती नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच केलं... माझा नंबर आला होता. काउंटरवरच्या मुलीनं मला दोनदा नाव विचारलं. 

त्याला आज सहा आठवडे झाले. स्टॅनमोरच्या घरी, स्वयंपाकघरात, अनंतरावांसाठी पॉरिज ढवळता ढवळता ती कोसळली. सकाळी येणाऱ्या केअररनं ॲम्ब्युलन्स बोलावली, ती लवकर आलीही, पण हृदय आधीच थांबलं होतं. अनंतराव, तिचे यजमान, दहा वर्षं पार्किन्सननं आजारी आहेत. आम्ही सगळ्यांनीच, तिनं स्वतःसुद्धा, पुढे काय होणार ते मनाशी ठरवून टाकलं होतं. ते आधी जाणार आणि मग तिला थोडी उसंत मिळणार. फ्युनरलच्या दिवशी ते व्हीलचेअरमध्ये पहिल्या रांगेत बसले होते आणि मधूनमधून मागे वळून दाराकडे बघत होते. ते कुणाची वाट बघतायत हे विचारण्याची कुणाला हिंमत झाली नाही.

नीलिमाची आणि माझी ओळख तीस वर्षांपूर्वीची, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीतली. मी कौन्सिलमध्ये नोकरीला होते, ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. अंगानं लहानखुरी, आवाजानं मोठी. करंज्या तळतानासुद्धा ती "घाणा नंबर चार, दहा आत, दहा बाहेर" असं मोठ्यानं म्हणत होती. मी हसले तर म्हणाली, "हसू नकोस. आमच्याकडे एक कापसाचा बोळा कमी भरला तर पेशंटला टाके घालू देत नाहीत." तिच्या स्वभावाची किल्ली मला त्या पहिल्याच संध्याकाळी मिळाली होती, असं आता वाटतं.

अनंतरावांनी रिटायर झाल्याबरोबर मोटरहोम घेतलं. पलंग, शेगडी, सिंक, सगळं आत. या देशाचा किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचा असा त्यांचा बेत होता. दोन उन्हाळे झाले आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. निदान झालं, लायसन्स परत केलं. निखिल म्हणाला, गाडी विकून टाका. नीलिमा म्हणाली, "किनारा अर्धाच झालाय." आणि वयाच्या साठाव्या वर्षी ती त्या अजस्र गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली.

मोटरहोमपर्यंत ठीक होतं. पण तिनं चालवलेल्या पहिल्याच प्रवासात, वेल्समधल्या एका कॅम्पसाइटवर, भर दुपारी अनंतराव पायरीवरून पडले आणि कपाळ फुटलं. हॉस्पिटल सात मैलांवर. त्यासाठी आधी गाडीला जोडलेला तंबू उतरवा, विजेची वायर गुंडाळा, कपाटं बंद करा, मग तेवढं मोठं धूड अरुंद गल्ल्यांतून न्या. पाऊण तास ती नवऱ्याच्या कपाळावर टॉवेल बांधून सामान आवरत होती. घरी परतल्यावर तिनं ठरवलं की पुढच्या वेळी मागे एक छोटी गाडी बांधून न्यायची. तिनं जुनी लाल हॅचबॅक शोधली आणि तिच्या पुढे ए-फ्रेम बसवून घेतली. इंग्रजी ए अक्षरासारखी ती लोखंडी चौकट. तिचं टोक मोटरहोमच्या मागच्या गोळ्यावर अडकवलं की गाडी स्वतःच्या चारही चाकांवर, आत कुणी नसताना, मुकाट मागून येते. एका एअरफिल्डवर दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, तिथे ती गेली. "सगळे बाप्ये, शुभा, आणि सगळ्यांना आधीच सगळं येत होतं," ती मला सांगत होती. "पहिल्यांदा वाटेत मांडलेला प्लास्टिकचा कोन मीच पाडला. शेवटी न पाडणारीही मीच."

मी तिच्याबरोबर जायला लागले ते माझा नवरा गेल्यानंतर. तिला एक जोडीदार हवा होता, कारण अनंतरावांच्यानं आता वाकवत नव्हतं. आणि मला रविवार घरात काढवत नव्हते. निघण्याआधी ती ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहून एकेक गोष्ट पुकारायची आणि मी मागून उत्तर द्यायचं. लाल गाडीचा हँडब्रेक खाली. गिअर न्यूट्रल. किल्ली आत, स्टिअरिंग मोकळं. मागच्या पाटीवर मोटरहोमचाच नंबर. ब्रेकचे दिवे, दोन्ही इंडिकेटर. कपलिंग, म्हणजे गोळ्यावरचा तो जोड, बसलं; सुटत नाही ना ते उचलून बघितलं. शेवटी सेफ्टी केबल, म्हणजे जोड सुटलाच तर जी ओढली जाऊन लाल गाडीचे ब्रेक दाबते ती बारीक तार. ती मात्र नीलिमा स्वतःच्याच हातानं अडकवायची. "नजरेनं नाही हं, हात लावून," ती दर वेळी बजावायची. पाच-सहा मैल गेलं की रस्त्याकडेला गाडी थांबवायच्या पहिल्या जागी, लेबायमध्ये, थांबून ती लाल गाडीच्या चाकांवर तळवा ठेवायची, एखादा ब्रेक घासून तापलाय का ते बघायला. माझ्या मुलीला लहानपणी ताप यायचा तेव्हा मी असाच हात ठेवायचे.

मागे गाडी बांधली की रिव्हर्स करता येत नाही. मागच्या गाडीची चाकं भलतीकडेच वळतात. एकदा रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवनं आम्हाला एका शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन सोडलं. नीलिमानं शांतपणे लाल गाडी सोडवली, दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वळवल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा सगळी यादी पुकारली. शेतकरी म्हणाला, इतकं कशाला करता बाई, चार पावलं तर मागे जायचंय. ती म्हणाली, "आय हॅव टाइम." मागे गाड्यांची रांग लागली तरी दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती ताशी पन्नास मैलांच्या वर गेली नाही. कुणी हॉर्न वाजवला की अनंतराव मागच्या सीटवरून खुशीत हात हलवायचे.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. वेल्समधल्या पेम्ब्रोकशरहून निघायचं होतं. रात्रभर वारा होता, सकाळी भुरभुर पाऊस. अनंतरावांचं त्या दिवशी बिनसलं होतं. आपल्याला कुठे नेतायत ते त्यांना कळेना आणि ते लहान मुलासारखे रडत होते. नीलिमा त्यांना सीटवर बसवून बेल्ट लावून आली. मी मागे उभी, कुडकुडत. तिनं पुकारायला सुरुवात केली. कपलिंग बसलं? हो. उचलून बघितलंस? ... मी वाकलेसुद्धा नाही. हँडल खाली गेलेलं दिसत होतं. मी "हो" म्हणाले.

चार मैलांवर उतार होता आणि उताराच्या तळाशी एक जुना, कमानीचा पूल. पुलावर चढता चढता मागे काहीतरी धाडकन वाजलं. मी बाजूच्या आरशात बघितलं तर लाल गाडी आमच्यापासून सुटून रस्त्याच्या मध्यावर तिरकी होत होती. पुढच्याच क्षणी ती जागच्या जागी थांबली. सेफ्टी केबलनं आपलं काम केलं आणि मग ती तुटली. लाल गाडीच्या मागे एक निळी गाडी होती, ती हातभर अंतरावर येऊन थांबली. चालवणारी तरुण बाई, मागच्या सीटवर दोन मुलं, शाळेच्या गणवेशात. ती बाई बाहेर आली आणि उघड्या दाराला धरून आमच्याकडे बघत राहिली. नीलिमा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "इट्स माय फॉल्ट," ती म्हणाली. "आय वॉज ड्रायव्हिंग. इट्स एंटायरली माय फॉल्ट." मी बाजूलाच उभी होते. मी काही बोलले नाही. धाकटा मुलगा काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होता.

केबल तुटली होती म्हणून गाडी पुन्हा जोडता येणार नव्हती. पुढच्या साइटपर्यंत नीलिमानं मोटरहोम नेलं आणि लाल गाडी मी चालवत नेली. चाळीस मैल मी मोटरहोमच्या त्या पांढऱ्या पाठीच्या मागे मागे गेले. ती नेहमीसारखी पन्नासच्या आत, प्रत्येक वळणाआधी वेळेवर इंडिकेटर. मला समोरचं धड दिसत नव्हतं, वायपर चालू असूनही. कारण ते पाणी बाहेरचं नव्हतं.

संध्याकाळी अनंतरावांना जेववून झाल्यावर आम्ही चहा घेऊन बाहेर बसलो. मी म्हणाले, "नीलू, मी उचलून बघितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"त्याला हात लावला की ग्रीस लागतं. तू आत आलीस तेव्हा तुझे हात स्वच्छ होते." ती कपातल्या चहाकडे बघत होती. "मी बघितलं, शुभा. बघितलं आणि तरी निघाले. अनंत रडत होता ना... मला वाटलं, गाडी चालू झाली की तो गप्प होईल. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतः..."

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.  दोन दिवसांनी नवी केबल आली. मला वाटलं, आता ती माझं काम स्वतःकडे घेईल. तिनं दाराशी उभं राहून पहिल्यासारखंच पुकारलं, "कपलिंग? उचलून बघितलंस?" मी उचलून बघितलं. मग ती मागे आली आणि तिनंही उचललं. त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासात आम्ही दोघींनी उचललं. त्या पुलाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. निखिललाही तिनं सांगितलं नाही.

या हिवाळ्यात ती जिन्यात थांबायला लागली होती. एका मजल्यात दोनदा. फोनवर बोलतानाही मध्येच श्वास घ्यायची. मी विचारलं, "जीपीला दाखवलंस का?" ती म्हणाली, "हो गं, दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्यात." मग तिनं ईस्टरला कुठे जायचं ते काढलं आणि मीही नकाशा उघडून बसले. फ्युनरलनंतर कागद आवरताना निखिलनं मला सांगितलं की दोन वर्षांत तिची एकही अपॉइंटमेंट नव्हती. गोळ्या नव्हत्या. तपासण्या निघाल्या असत्या, ॲडमिट व्हायला सांगितलं असतं, आणि मग अनंतला कोण बघणार... तिनं हा हिशेब कसा केला असेल ते मला कळतं. मला माझं कळत नाही. ज्या बाईनं मला हात लावून बघायला शिकवलं, तिचं नुसतं "हो" मी ऐकून घेतलं आणि नकाशा उघडला. मी ईलिंगहून स्टॅनमोरला जाऊन तिच्या गोळ्यांची बाटली मागायला हवी होती. एवढंच करायचं होतं.

गेल्या शनिवारी निखिल वडिलांना केंब्रिजला घेऊन गेला. त्यांच्यासाठी खालची खोली तयार केली आहे. मोटरहोम विकायचं नाही म्हणाला. उन्हाळ्यात बाबांना समुद्रावर नेणार. दोन्ही गाड्या एकाच फेरीत न्यायच्या होत्या, म्हणून त्यानंही ते दोन दिवसांचं ट्रेनिंग करून घेतलं होतं. मी सकाळीच स्टॅनमोरला गेले. त्यानं पुकारलं, मी उत्तरं दिली, मग मागे येऊन त्यानं कपलिंग उचलून बघितलं. हे त्याला कुणी सांगितलं होतं, की ट्रेनिंगमध्ये शिकवलं, मी विचारलं नाही. माझे हात काळे झाले होते.

अनंतरावांना मागच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. निखिल पुढे बसला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडले, इतकी सीट पुढे ओढलेली. त्यानं ती मागे सारली. मग बाहेरचे आरसे. दोन्ही आरशांत त्याला नुसता रस्ता दिसत होता, ते त्यानं वर केले. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात एक छोटा गोल आरसा चिकटवलेला होता, बाळाच्या सीटसाठी मिळतो तसला. निखिलनं तो हलवायला हात पुढे केला आणि तसाच थांबला. मग तो पाठीत वाकला, खांदे पाडले, मान आत घेतली, सहा फुटांचा मुलगा जेवढा लहान होऊ शकतो तेवढा झाला.

"मावशी," तो म्हणाला, "इथून बाबांचा चेहरा दिसतो."

मी खिडकीशी उभी होते. आरशात अनंतराव त्याच्याकडे बघत होते, अगदी शांत. निखिल बराच वेळ तसाच वाकून बसला. मग त्यानं आरशाला हात न लावता गाडी सुरू केली.