म्हशीच्या मापाचा ग्रह

माझ्या पॅटर्नशॉपमध्ये चाळीस वर्षं लाकडाचा भुसा पडायचा. सकाळी झाडून काढला की संध्याकाळी पुन्हा घोट्यापर्यंत. आता तिथं लाकूड नाही, रंधा नाही, पण साठायचं काही थांबलेलं नाही. आता किस्से साठतात! रोज चार जणांना सांगून ढीग कमी करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. शुद्धलेखन बघू नका. सातवीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, "बाळ, तुझ्यापेक्षा बाक लवकर शिकंल!"

फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न. ते माझं काम. गुडघे गेले, शटर ओढलं. सहा वर्षं शॉप बंद होतं. मग माझा पुतण्या सागर पुण्याची नोकरी सोडून आला. म्हणाला, "आप्पा, जागा द्या. गेमची कंपनी काढतो."

"कसला गेम? कबड्डी?"

"कॉम्प्युटरवरचा. अंतराळातले ग्रह बनवायचेत."

म्हटलं, बनीव बाबा. आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात पंपापासून ट्रॅक्टरच्या पार्टापर्यंत सगळं बनून झालंय, ग्रहच तेवढा राहिलाय!

बंगळूरची एक कंपनी दिवाळीनंतर नमुन्याचा एक ग्रह बघायला येणार होती. पसंत पडला तर बाकीचे ग्रह पण इथंच बनणार. नाही पडला तर सागर परत पुण्याला, पोरं जिकडंतिकडं आणि शॉपची किल्ली परत माझ्या खिशात. ती किल्ली मला नको होती. बंद शॉपची किल्ली लई जड असते हो!

*

सागरच्या हाताखाली दोन मुख्य कारागीर. एक अभय चौगुले, कागलकडचा, फिजिक्स शिकलेला. ग्रहावर काय खरं, काय खोटं, हे बघायचं काम त्याचं. दुसरी ऋतुजा माने, गडमुडशिंगीची. ग्रह रंगवायचं काम तिचं. दोघांची टेबलं समोरासमोर. ही चूक सागरची!

पहिल्याच आठवड्यात ऋतुजानं आकाश जांभळं केलं. पिकलेल्या करवंदासारखं. मी बघतच राहिलो. अभय आला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "या ग्रहावर हवाच नाही. हवा नाही तर आकाशाला रंग नाही. दिवसा पण काळंच दिसणार."

"काळं?"

"काळं. चांदण्यांसकट."

ऋतुजा खुर्ची फिरवून म्हणाली, "आरं, काळंच बघायचं तर गेम कशाला पायजे? डोळं मिटलं की फुकट दिसतंय की!"

अभयनं वहीत बरोबरची खूण करावी तशी मान हलवली आणि आकाश काळं करायला लावलं. ऋतुजानं केलं. पण जमिनीवरची धूळ जांभळी करून टाकली. म्हणाली, "धुळीला तर हवा लागत न्हाय न्हवं?" अभय दोन दिवस पुस्तकं चाळत होता. जांभळी धूळ चुकीची आहे असं काही त्याला सापडलं नाही!

*

अभय जैन घरातला. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम. पाच वाजले की डबा उघडायचा. एकदा मी शेजारी स्टूल ओढून बसलो.

"अभय, तुझ्या ग्रहावर सूर्य किती वाजता मावळतो?"

"मावळतच नाही, आप्पा. ग्रहाची एकच बाजू कायम सूर्याकडं असते."

"म्हंजे तू तिथं गेलास तर कवाबी जेवायला मोकळा! सकाळी जेव, परत जेव, आडवं होऊन जेव!"

सगळं शॉप हसलं. अभय हसला नाही. भाकरी खाली ठेवून दोन मिनिटं विचार करत बसला. मला वाटलं, पोराला लागलं बहुतेक. मग म्हणाला, "आणि घर चुकून मागच्या बाजूला बांधलं, तर जन्मभर उपास."

पुन्हा भाकरी उचलली. तेव्हाच मी ओळखलं, हा प्राणी दिसतो तेवढा सरळ नाही!

*

आता मापाचं सांगतो. पॅटर्नवाल्याला माप म्हणजे जीव. मी रोज स्क्रीनकडं बघून विचारायचो, "ह्यो डोंगर केवढा?" ऋतुजा म्हणायची तीनशे मीटर. पण समोर दिसायचा तो आपला वीतभर! मी म्हणायचो, "मला कसं कळणार? शेजारी काहीतरी ओळखीचं ठेव की."

गेमवाले मापासाठी माणसाचा पुतळा उभा करतात म्हणे. ऋतुजाच्या घरी गोठा. तिनं आपल्या सुंदरी म्हशीचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला म्हैस उभी! शिंगं, शेपूट, सगळं जागच्या जागी. वर रवंथ पण करायची. मी म्हटलं, "आता कळला डोंगर!"

झालं, तेव्हापासून शॉपमध्ये म्हशीचंच माप सुरू झालं. "तो दगड अडीच म्हशी कर." "दरी जरा सात म्हशींनी खोल घे." सागर फोनवर बंगळूरवाल्यांना पण बोलून गेला, "सर, क्रेटरचा खड्डा चाळीस म्हशी रुंद आहे." तिकडून नुसतं "हॅलो? हॅलो?" सुरू झालं!

एकटा अभय मीटरमध्ये बोलायचा. एकदा घाईत त्याच्याही तोंडून गेलं, "यान दोन म्हशी उंचीवरून खाली पडेल." ऋतुजानं लगेच पेढे आणून वाटले.

*

अभयला एकदा फसवायचंच ठरवलं. शेजारच्या फौंड्रीच्या उकिरड्यातून स्लॅगचा एक गोळा उचलला. वितळलेल्या लोखंडावरचा मळ थंड झाला की असा काळा, खडबडीत, भोकं पडलेला दगड होतो. तो त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "आमच्या परसात पडलाय. आभाळातनं आला, अशी बायको म्हणतीय."

अभयनं भिंग काढलं. लोहचुंबक लावलं. वजन केलं, पाण्यात बुडवला. दोन दिवस हेच. मी दर तासाला चहा घेऊन जायचो आणि विचारायचो, "काय म्हणतीय उल्का?" तो म्हणायचा, "बघतोय, आप्पा." मी बाहेर जाऊन पोट धरून हसायचो.

तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना. म्हटलं, "आरं येड्या, फौंड्रीतली स्लॅग हाय ती!"

"माहीत आहे. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं."

"मग दोन दिवस काय करत होतास?"

"तुम्ही टेबलावर आयता चहा आणून देत होता. म्हटलं, एवढ्यात कशाला सांगा."

अठरा कप! मी मोजले होते. ऋतुजानं तोच गोळा उचलून त्याचे फोटो काढले. ग्रहावरचे सगळे दगड त्याच्यावरून बनले. यावर मात्र दोघांचं भांडण झालं नाही.

*

ग्रहावर लाव्ह्याचं एक तळं होतं. अभय म्हणायचा, फार पातळ झालंय. ऋतुजा म्हणायची, तूच एकदा उकळून दाखव. शेवटी तिनं आम्हाला गावाकडच्या गुऱ्हाळावर नेलं. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटत होता. वर फेस, मधूनच बुडबुडा फुटायचा. तिनं मोबाईल लावला. अभय वाकून बघत म्हणाला, "लाव्हा एवढा पातळ नसतो."

तिथं गुळाचा पाक बघणारे एक म्हातारे गुळवे होते. त्यांनी ढवळता ढवळता विचारलं, "पावणं, किती घट्ट पायजे?"

"याच्यापेक्षा बराच."

"मग अर्धा तास बसा. काकवी खावा. तुमाला पायजे तेवढा घट्ट करतो."

अर्ध्या तासानं हाक आली. बुडबुडे जड झाले होते, सावकाश फुगायचे आणि थप्पदिशी बसायचे. अभयचे डोळे चमकले. "हा! असाच! आता असाच राहू दे!"

"राहू दे कसं? आता उतरवायला पायजे, न्हायतर करपंल की. तुमच्या ग्रहावर कोण उतरवतंय?"

अभयनं तो प्रश्न वहीत लिहून घेतला. परत येताना गाडीत तो मला हळूच म्हणाला, "आप्पा, प्रश्न चांगला होता."

*

खरं भांडण झालं ते आवाजावरून. हवा नाही म्हणजे आवाज नाही, असं म्हणून अभयनं सगळे आवाज बंद करून टाकले. मला कुणी सांगितलंच नाही! मी खेळायला बसलो, दगडावर घण घातला. आवाज नाही. यान आपटलं. आवाज नाही. स्पीकरला दोन थपडा दिल्या. मग गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं स्पीकर उघडला, वायर तपासली, गाणं लावून बघितलं. गाणं खणखणीत. परत गेम लावला, शांत.

स्क्रू आवळत तो म्हणाला, "आप्पा, स्पीकर बरा हाय. तुमचा ग्रहच जळालाय!"

ऋतुजा चिडली. "मुका गेम कोण खेळणार? मी असलं काम करत न्हाय. मी चाललो गावाकडं!" आमच्याकडच्या पोरी "मी चाललो" असंच म्हणतात. पण हिनं बॅग पण उचलली होती. बंगळूरवाले यायला आठ दिवस राहिले होते. सागर भिंतीला टेकून उभा, तोंड उतरलेलं. माझा हात नकळत खिशात गेला. किल्ली अजून त्याच्याकडंच होती.

मी जुन्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर काढला. कोपऱ्यात माझी लाकूड कापायची बँडसॉ मशीन अजून उभी आहे. ती चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावलं आणि मूठ अभयच्या कानाला. बेअरिंग बिघडलंय का हे बघायला आम्ही मिस्त्री लोक असंच ऐकतो.

"काय ऐकू येतंय?"

"घुमतंय. आतून. हाडातून आल्यासारखं."

"मग तुझ्या ग्रहावरचा गडी उभा कशावर हाय? हवेवर का जमिनीवर?"

अभय तसाच कानाला मूठ लावून उभा राहिला. मग एकदम ओरडला, "बुटातून! आवाज बुटातून वर येणार!"

ऋतुजानं बॅग खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत दोघांनी मशीन, घण, शटर, माझं स्टूल, सगळ्याला स्क्रूड्रायव्हर लावून आवाज भरून घेतले. आता ग्रहावर पाऊल टाकलं की पोटात गदगदतं. मला तर पहिल्यांदा भूकच लागल्यासारखं वाटलं!

*

बंगळूरवाले आले. एकच साहेब. मूळचे बेळगावचे, त्यामुळं मराठी येत होती. पण हसू काही येत नव्हतं. सागरला आधीच कळलं होतं, साहेब शास्त्राच्या बाबतीत फार कडक, खोटं दिसलं की उठून जातात.

आदल्या दिवशी अभयनं भिंतीवर यादी लावली होती. त्यात चौथी ओळ, 'मापाच्या सगळ्या म्हशी काढणे.' ऋतुजानं शोधून शोधून एकेक म्हैस काढली आणि ओळीवर काट मारली. मी तेव्हा चहा करत होतो. माझ्याकडं बघू नका.

साहेब खेळायला बसले. काळं आकाश बघितलं, मान हलवली. जांभळी धूळ उचलून बघितली, परत खाली टाकली. दगड बघून विचारलं, "हा पोत कुठून आणला?" सागर म्हणाला, "शेजारून, सर." पावलं टाकली, पोटात गदगदलं, तेव्हा खुर्चीत जरा सावरून बसले. लाव्ह्याच्या तळ्याशी तर बराच वेळ उभे राहिले. सागरच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता.

मग ते तळ्याला वळसा घालून, कुणी कधी जात नाही त्या मोठ्या डोंगरामागं गेले.

तिथं सुंदरी उभी होती. रवंथ करत.

ऋतुजानं ओढणीचं टोक तोंडात धरलं. सागरनं डोळे मिटले. मी छताचे पत्रे मोजायला लागलो.

साहेबांनी खेळायचं बटण सोडलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मग सागरकडं वळून एकेक शब्द तोलून विचारलं, "या ग्रहावर हवा नाही म्हणालात ना?"

"नाही, सर."

"मग ही म्हैस श्वास कसा घेते?"

सागरचं तोंड उघडलं, पण आवाज बुटातून पण येईना. तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. अभय उठला. चार महिने ज्यानं आम्हाला एक खोटा खडा ठेवू दिला नव्हता, तो अभय. शर्ट नीट केला, म्हशीकडं बघितलं आणि भर वर्गात उत्तर द्यावं तशा गंभीर आवाजात म्हणाला, "सर, ती इथं नवीन आहे. हवा नाही हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

साहेब अभयकडं बघत राहिले. मग सुंदरीकडं. सुंदरीनं कान हलवला, रवंथ चालूच.

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली, मान खाली घातली आणि तिला ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाले, "मग नका सांगू."