ड्रायव्हरच्या मागची जागा

साखळीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो चाळिशीतला माणूस रोज ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी बसायचा. कुणाच्या डोळ्यांत पाहायचा नाही. बोटं मात्र गुडघ्यावर सारखी नाचत असायची. दोन वर्षं मी त्याच्या मागच्याच बाकावर बसत होते.

त्या आठवड्यात मुलं पळवणारे फिरतायत अशी आवई उठली होती. त्याच्या जागेवर एक बाई लहान लेकीला घेऊन बसली होती. तो तिच्यापाशी उभा राहिला तो हलेचना. बाई घाबरली. दोघा पुरुषांनी त्याची कॉलर धरली.

"नाव काय तुझं?"

"नाव काय तुझं?" तोही म्हणाला.

थट्टा करतो असं वाटून एकाने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने कान घट्ट झाकून घेतले. मी उठले.

"सोडा त्याला. तो रोज इथंच बसतो. काही विचारलं की तेच परत बोलतो, कंडक्टरलासुद्धा."

बाईने जागा दिली. मी त्याच्या शेजारी बसले. बाहेर बघतच त्याने हळू विचारलं, "परत मारतले?"

"नाही," मी म्हणाले.

ते दोघे अजून मागेच उभे होते, आणि त्याला माझ्या आधी उतरायचं होतं.