अडवलेली गाडी सोडणाऱ्या ताई

हिंगोलीत माझी नोकरी वाचवली ती प्रिंट काढायला आलेल्या एका ताईंनी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी नववीतून शाळा सोडलेला, घर लांब कोकणात. मी कामाला होतो त्या कॉम्प्युटरच्या दुकानाची नवी वेबसाइट होती. तिच्यावर टाकलेला पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येतो का, हे तपासायचं सॉफ्टवेअर मला संध्याकाळपर्यंत चालू करायचं होतं. नाही जमलं तर गावी परत, असं मालकांनी बजावलं होतं. मी ते लावलं खरं, पण तेव्हापासून साइटचं एकही पान उघडेना.

ताईंनी तोंडाचा स्कार्फ न सोडताच स्क्रीनकडं पाहिलं. "साइट कोणाची? त्याइला विचारलं का?"

"मालकांनीच सांगितलंय."

"मग बराबर." तेव्हा कुठं त्यांनी माउसला हात लावला. "दादा, समजा कनेरगाव नाक्यावर तुमी गाडी अडवली, तपासली. मग पुढं काहून सोडून न्हाई राहिले?"

सॉफ्टवेअरनं अडवलेली माहिती पुढं सोडायचं बटण त्यांनी दाखवलं. मी दाबलं, पान उघडलं. मग त्यांनी मला माझाच पासवर्ड टाकायला लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा दिसला, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता आला असता. मालकांनी साइट दुरुस्तीला काढली आणि मला कामावर ठेवलं.

तोवर ताई बसला निघून गेल्या होत्या. या कामात मी पक्का होणारच, आणि त्या भेटतील तेव्हा त्यांचं अडलेलं एक तरी काम करून देईन.