डोनयाईची नाव, थासावांगचा जावई

उदोम मित्राला भेटायला निघाला तेव्हा त्याच्या हातात आंबवलेल्या माशांची बरणी होती आणि मनात चोरी. बरणी खामफानच्या आईनं भरून दिली होती, चोरी गावच्या प्रमुखानं.

भिक्षूंचा वर्षावास संपत आला होता, मून नदी काठोकाठ भरली होती आणि नावांची शर्यत तोंडावर आली होती. नेमका अशा वेळी डोनयाईचा सुकाणूवाला मोटारसायकलवरून पडला आणि खांद्याचं हाड मोडून घरी बसला. नाव तयार, वल्हेकरी तयार, आणि शेपटाला माणूस नाही. प्रमुख म्हणाला, "उदोम, तू त्याचा लंगोटीयार. जा, खामफानला घेऊन ये. काही झालं तरी रक्त आपल्या गावचं आहे."

रक्त डोनयाईचं होतं हे खरं, पण माणूस नदीपलीकडच्या थासावांगचा होऊन बसला होता. लग्न झालं की नवऱ्यानं बायकोच्या घरी नांदायचं, ही रीत काही त्याच्या एकट्यासाठी निघाली नव्हती. उदोमचा बापही असाच डोनयाईत आला होता. पण खामफान गेला तो नेमका त्या गावात, ज्याच्या नावेशी डोनयाईचं आजोबा-पणजोबांपासून वाकडं.

थासावांगकरांनी पहिली काही वर्षं त्याला वल्ह्याला हात लावू दिला नाही. फटी बुजवायला राळ तापवायची, नावेच्या देवीपुढची फुलं बदलायची, एवढंच काम. खामफान ते निमूट करायचा आणि उरलेल्या वेळात काठावर बसून पाण्याकडे बघायचा. फिकुनचा नवरा अर्धवट आहे, असं बायका मागावर बसल्या की म्हणत. म्हातारा सुकाणूवाला मात्र पक्का होता. त्याची नजर अधू होत चालली होती आणि ते त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. एकदा सरावाला त्यानं खामफानला पुढ्यात बसवलं आणि हळूच विचारलं, "पाणी काय करतंय, सांग बघू." खामफान सांगत गेला, म्हातारा नाव वळवत गेला. त्या वर्षी थासावांग जिंकलं. पुढच्या वर्षी म्हाताऱ्यानं शेपटाचं लांब वल्हं साऱ्या गावासमोर त्याच्या हातात ठेवलं.

ही कथा डोनयाईत कोण सांगायचं? उदोम. इतक्या वेळा, की लोक विचारत, बाबा, तू नक्की कोणाच्या नावेत बसतोस?

तर असा हा उदोम थासावांगला पोचला. खांबांवरच्या घराखाली, सावलीत, फिकुन विणत बसली होती आणि तिचे वडील खेनबाबा खांबांना बांधलेल्या झोळीत पहुडले होते. खामफाननं चिकट भाताची टोपली पुढे ओढली, बरणी उघडली आणि वास घेऊन डोळे मिटले.

"आईची बरणी," तो म्हणाला. "म्हणजे काम मोठं आहे. कोणी पाठवलं?"

"कोण पाठवणार? मित्राला भेटायला येऊ नये का माणसानं?"

"शर्यतीच्या तोंडावर? लहानपणी खोटं बोलताना कान खाजवायचास. अजून खाजवतोस."

उदोमनं कानावरचा हात काढला आणि सगळं ओकून टाकलं. खामफाननं भाताचा गोळा केला, माशात बुडवला, सावकाश चावून खाल्ला.

"नाही," तो म्हणाला. "ज्यांनी वल्हं हातात दिलं, त्यांच्याच विरुद्ध धरू होय?"

खरं तर उदोमला वाईट वाटायला हवं होतं. उलट त्याचा जीव भांड्यात पडला. हा 'हो' म्हणाला असता तर इतकी वर्षं ज्याच्याबद्दल फुशारकी मारली तो मित्रच उरला नसता.

"मग आम्ही काय रिकाम्या शेपटानं उतरायचं?"

"तू बस."

"मी? मी मधे बसून वल्हं मारणारा माणूस. मागं बसलो तर नाव थेट विहाराच्या पायऱ्यांवर चढवीन."

"शिकवतो."

झोळीतले खेनबाबा इतका वेळ झोपेचं सोंग घेऊन पडले होते. ते ताडकन उठून बसले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वैऱ्याला शिकवतोस?"

"वैरी कुठला बाबा, उदोम आहे हा."

"उद्या हरलास तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"आणि सुकाणूवाला नसलेल्या नावेला हरवून आलो, तर काय हार घालतील?"

खेनबाबा आणखीच चिडले. "शिकव. पण हरलास, तर या जिन्याला पाय लावायचा नाही. बरणी उचलायची आणि डोनयाईला चालू लागायचं."

"मग मीपण जाईन," फिकुन मागावरून मान वर न करता म्हणाली. "भात कोण उकडणार, तेवढं ठरवून ठेवा."

फिकुननं ते हसण्यावारी नेलं, पण बातमी गावात फुटली तेव्हा सासऱ्यापेक्षा कडू बोलणारे कितीतरी निघाले. डोनयाईचा तो डोनयाईचाच राहणार, हे वाक्य खामफानच्या पाठीमागे पुन्हा ऐकू येऊ लागलं. राळ तापवण्यापासून कमावलेलं सगळं त्यानं एका मित्रासाठी पणाला लावलं होतं. उदोम म्हणाला, "जाऊ दे, मी परत जातो." खामफाननं त्याला मासेमारीच्या होडीत ढकललं.

पहिल्या संध्याकाळी त्यानं उदोमला वल्हं दिलंच नाही. "जलपर्णी बघ," एवढंच. जलपर्णीचे पुंजके जिथून भराभर वाहत जातात तिथं पाणी धावतं. जिथं गोल फिरत बसतात तिथं नाव अडकते. विहाराखालच्या वळणावर सगळ्यांना आतून जायचा मोह होतो, वाट आखूड वाटते म्हणून. पण तिथं पाणी फिरतं. बाहेरून जायचं. "आणि मी सांगतो म्हणून नको ऐकूस. बघ आणि मग वळव." उदोम बघून बघून कंटाळला, शिव्या घातल्या, दोनदा नदीत पडला. चौथ्या दिवसापासून त्याला दिसू लागलं.

शर्यतीच्या दिवशी दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हतं. शेवटच्या फेरीत उरल्या त्या याच दोन नावा, जशा नेहमी उरत. बरोबरीनं निघाल्या, बरोबरीनं वळणाशी आल्या. खामफाननं नाव बाहेर घातली, इतकी वर्षं घालत आला तशी. उदोमही वळवणारच होता, पण त्याला जलपर्णी दिसली. दुपारपासून उलटा वारा सुटला होता आणि पुंजके आतल्या अंगानं पळत होते. गुरूची नाव बाहेर, पाणी आत. उदोमनं पाण्याचं ऐकलं.

डोनयाईची नाव अर्ध्या लांबीनं पुढे निघाली.

त्याच्या नावेतले लोक वेड्यासारखे पाण्यावर वल्ही आपटत होते. उदोमला जिंकल्याचं काही वाटेना. तो शेजारच्या नावेकडे बघत राहिला. खामफान शेपटावर ताठ बसला होता आणि काठावरच्या शिव्या ऐकत होता. नावा जवळ आल्या तसा तो ओरडला, "आतून का गेलास? मी शिकवलं होतं आतून जायला?"

"जलपर्णी आतून चालली होती."

खामफाननं मागं वळून वळणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसला. "मी बघितलंच नाही रे. सवयीनं गेलो. तू बघितलंस."

काठावर खेनबाबांना त्यांच्या शेजाऱ्यानं गाठलंच होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काय खेनदादा, जावयानं चांगलं नाव काढलं हो गावाचं."

खेनबाबा काठीवर जोर देऊन उभे राहिले. खामफानच्या नावेतल्यांनी वल्ही थांबवली. म्हातारा आता काय बोलतो, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"पहिला आला तो माझ्या जावयाचा चेला," खेनबाबा म्हणाले. "दुसरा आला तो माझा जावई. तुझा जावई कितवा आला?"

शेजाऱ्याचा जावई मागे भाजलेली कोंबडी खात उभा होता. लोक असे हसले की त्याला पुढचा घास गिळवेना. शिव्या कुठल्या कुठे गेल्या.

हरल्यावरही ताठ राहिलेली खामफानची मान तेव्हा खाली गेली. त्यानं ओंजळ भरून नदीचं पाणी तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, मारतच राहिला. डोनयाईचे लोक उदोमला खांद्यावर घ्यायला धावले. तो म्हणाला, "थांबा जरा," आणि नावेतून नावेत उडी मारून मित्राच्या शेजारी जाऊन बसला. त्याच नावेतून तो थासावांगच्या काठाला लागला, जिंकलेल्या माणसाच्या तोऱ्यात.