दहा फुटांवरचा अबोला

देवाप्पा भावजी आमच्या ह्यांचे कामावरचे जोडीदार, गाव निपाणीजवळ. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि चिडले की दोन्ही. आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो तेव्हा मला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. दूधवाल्याशी कसं बोलायचं ते त्यांनीच शिकवलं. "वैनी, नुसतं 'स्वल्प', म्हंजे थोडं, म्हणा आन् हसा. निम्मं बेंगळूर तेवढ्यावर चालतंय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरभर टेलिफोनच्या नव्या केबली टाकायच्या होत्या. रस्ता न उकरता एका बाजूनं जमिनीत रॉड घालायचा आणि पलीकडं बाहेर काढायचा, असं मशीन ह्यांच्या कंपनीनं आणलं होतं. ते चालवायचे आमचे हे, पुरुषोत्तम. रॉडच्या पुढच्या टोकाला सगळे 'डोकं' म्हणत. त्यात एक ट्रान्समीटर असे. देवाप्पा भावजी वरून, रस्त्यावरून, हातात लोकेटर धरून चालत. डोकं कुठं पोचलं, किती खोल आहे, ते त्यावर दिसे. वळायची दिशा घड्याळाच्या काट्यांवर सांगायची. "दोनवर घ्या, पुणेकर! बास! आता सरळ!" ह्यांना जमिनीखालचं काही दिसत नसे. ह्यांचा सगळा भरवसा त्या आवाजावर.

बोम्मसंद्राला कंपनीच्या यार्डातच आमच्या खोल्या होत्या. सकाळी उठल्यावर पाय टेकायच्या आधी मी जमिनीला हात लावून क्षमा मागते, आईनं लावलेली सवय. एकदा बोलता बोलता भावजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वाटचीबी मागत चला वैनी. तुम्ही नुसता पाय ठेवताय, आम्ही तिच्या पोटात भोकं पाडतोय."

असा माणूस त्या वर्षी मे महिन्यात गप्प झाला.

जे. पी. नगरमध्ये डोकं पाण्याच्या पाइपात घुसलं होतं. लोकेटर सहा फूट दाखवत होता आणि डोकं होतं चारावर. रस्ताभर पाणी, बायका घागरी घेऊन धावल्या. इंजिनियर भीमाचार्यांनी दोघांना उभं करून विचारलं, चूक कुणाची? हे काही बोलले नाहीत. खोली सांगणारा देवाप्पा, म्हणून दोष देवाप्पांवर गेला. पाऊसभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एका नळावर दात घासायचे, पण पाठ करून.

पावसात रस्त्याचं काम बंद. दसऱ्यापासून मोसम उघडणार, म्हणून त्याआधी यार्डात तयारीची धांदल. रॉडचे आटे घासायचे, होजपाइप बदलायचे, बॅटऱ्या तपासायच्या. त्या गडबडीत कळलं की या मोसमात लोकेटर सूरज नावाच्या नव्या पोराकडं जाणार. देवाप्पा भावजींनी पिशवी भरली. खंडेनवमीची पूजा झाली की ते निपाणीला भावाच्या दुकानात बसायला जाणार होते. मी देवासमोर दिवा लावला, पण काय मागावं कळेना. ह्यांना बोलतं कर, एवढंच म्हटलं.

पूजेच्या आदल्या दिवशी लोकेटर जुळवायचा होता. त्याला दोन माणसं लागतात. डोकं जमिनीवर ठेवून दहा फूट मोजायचे, तिथं लोकेटर ठेवायचा, आणि हे अंतर दहा म्हणून त्याला शिकवायचं. सूरज गावाहून आला नव्हता. भीमाचार्य म्हणाले, "देवाप्पा, जाता जाता एवढं करून द्या." मी चहा घेऊन गेले तर दोघं दहा फुटांवर समोरासमोर, दोन खांबांसारखे.

"वैनी, सांगा त्यांना, बॅटरी घाला म्हणावं."

"त्याला सांग, घातलीय."

"मग आकडा का नाचतोय, विचारा."

"मला काय विचारतेस? यंत्र त्याच्या हातात आहे."

मी कपबश्या जमिनीवर ठेवल्या. "मी काय टेलिफोन आहे का तुमचा? माझी डाळ शिजायची आहे. तुमचं तुम्ही बोला." आणि चालू लागले. खोलीच्या दाराआड मात्र थांबले, खोटं कशाला सांगू.

मग हेच म्हणाले, "किती दाखवतोय?"

"नऊ. परत अकरा. आता साडेआठ." भावजींनी मान वर केली. "पुणेकर, मागं बघा की. रॉडचा ढीग. लोखंडाशेजारी ह्यो खरं बोलंल का कधी?"

ह्यांनी मागं पाहिलं. मी फटीतून बघते तर हे त्या ढिगावर बसले होते.

"मे महिन्यात आपण लोखंडी मशीनला खेटूनच जुळवला होता," हे हळूच म्हणाले.

"आपण न्हाई."

"मी, एकट्यानंच. तू चहाला गेला होतास. मला घाई होती."

"ठाऊक हुतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो हुतो."

हे उठले, हात पँटला पुसले आणि सरळ भीमाचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आतून कन्नड, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांतल्या शिव्या बाहेर आल्या. भावजी बाहेर लोकेटर छातीशी धरून उभे. हे परत आले तेव्हा कान लाल होते.

"लोकेटर तुझ्याकडंच राहणार. सूरजला शिकवायचंही तूच. आणि पहिल्या कामाला मी मशीनवर नाही. भोक ढासळू नये म्हणून आत सोडतात ती माती कालवायला आहे."

भावजी गालातल्या गालात हसले. पाऊस लागल्यापासून मी ते हसू पाहिलं नव्हतं.

"सरी, ठीक," ते म्हणाले. "पर गुठळ्या ठेवू नका, पुणेकर. आता धरा हे डोकं दुसऱ्या बाजूनं, तिकडं मोकळ्यावर नेऊ."

दोघांनी ते उचललं आणि कुंपणाकडं चालू लागले. चहावर साय धरली होती. मी तो परत गरम करायला घेतला.