जमिनीवरची ताटं, छतातले दिवे

आमच्या घरी कोणी नवीन आलं की थोड्या वेळाने मान वर करतं आणि म्हणतं, दिव्यांच्या रांगा काय सरळ आहेत हो! मी तेवढ्यापुरता चहाच्या कपात बघतो. का बघतो, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आणि ज्याला पहिल्या क्षणी कळलं, त्याने तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतो. पण जरा आडवळणाने येईन, सांभाळून घ्या.

वसईतला आमचा फ्लॅट जुना. ट्यूबलाइटच्या उजेडात संसार बरा चालला होता. मग वरच्या मजल्यावरून गळती झाली, छताची रया गेली, आणि फॉल्स सीलिंग करून त्यातच दिवे बसवायचं ठरलं. दिवे कुठे हवेत ते वैशालीने सांगायचं आणि काम तिच्या धाकट्या भावाने, हेमंतने करायचं. वैशाली माझी बायको, शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर राजोडीच्या अलीकडचं, वाडी राखून असलेलं घर. हेमंत तिथेच राहतो आणि इलेक्ट्रिकची कामं घेतो.

तिने हे कसं ठरवलं ते ऐका. घरातली सगळी स्टीलची ताटं काढली आणि जिथे वर दिवा हवा तिथे खाली जमिनीवर एकेक ताट मांडत गेली. बघणाऱ्याला वाटावं, पंगत बसायचीय पण कोणी कुठे बसायचं यावरून भांडण झालंय. आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं, हातात पोथी दिली, आणि पानावर डोक्याची सावली पडू नये म्हणून ताट थोडं पुढे सरकवलं. कपाटासमोरचं ताट मात्र मागे ओढलं, म्हणजे दार उघडल्यावर उजेड खालच्या कप्प्यापर्यंत जाईल. स्वयंपाकघरात तर तिने ताट जमिनीवर ठेवलंच नाही, थेट ओट्याच्या कडेला ठेवलं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "दिवा पाठीमागे असला की चिरताना माझीच सावली माझ्या हातावर पडते. इतकी वर्षं अंदाजानेच चिरतेय."

आणि आईच्या पलंगापाशी ताट पायथ्याच्याही पलीकडे. उताणं पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत दिवा कशाला? असा विचार किती जण करतात, सांगा ना? मी तर केला नव्हता. घरातलं कोण कुठे उभं राहतं, कुठे वाकतं, कुठे पडतं, हे सगळं तिला पाठ होतं. मी त्याच घरात राहत होतो आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हेमंत शिडीवर चढला. प्रत्येक ताटाच्या मधोमध ओळंबा सोडायचा आणि वर पेन्सिलने फुली मारायची, असं त्याचं चाललेलं. भावंडं त्यांच्या घरच्या बोलीत एकमेकांची टर उडवत होती. ती बोली भरभर आली की मला अर्धीच कळते. आई हसत होती. मला राग आला. कशाचा? आता काय लपवायचं — माझ्या घरात माझ्यावाचून काही अडत नव्हतं, त्याचा. त्यात वर बघावं तर फुल्या कशाही विखुरलेल्या. ऑफिसातल्या एकाच्या घरी मी दिव्यांच्या शिस्तशीर रांगा बघून आलो होतो. आमच्याकडे आलेला माणूस काय म्हणेल?

दुसऱ्या दिवशी वैशाली शाळेत गेली, आई देवळात. मी स्टूल घेतलं, ओलं फडकं घेतलं आणि — एकेक फुली पुसून काढली. मग सुतळी ताणून सरळ रांगा आखल्या. हेमंत भोकं पाडायला आला तो वर बघतच राहिला.

"भावजी, हे कोनी बदललं?"

"ताईने," मी म्हणालो. "रात्री विचार बदलला तिचा."

"पन ओट्यावरचा पन मागं घ्यायचा?"

"तिनेच सांगितलंय."

बहिणीच्या नवऱ्याने असं सांगितल्यावर त्याने आणखी काय विचारायचं? त्याने मशीन लावलं.

संध्याकाळी वैशाली आली आणि उंबऱ्यातच थांबली. पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. मी तिच्याआधी बोललो. म्हणालो, मी बाजारात गेलो होतो, हेमंतने आपल्या मनाने केलं. तो आत हात धूत होता. तिने त्याला हाक मारली आणि आईच्या देखत बोलू नये ते बोलली. हेमंतने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण माझं सगळं त्याला दिसलं. एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "चुकलं ताई. माझ्याच डोक्यात रांगा बसल्या. बुजवून परत करून देतो." त्याच्या भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती. ती बघून वैशाली विरघळली. म्हणाली, राहू दे, दुप्पट काम नको तुझ्या अंगावर.

तेव्हा बोललो का? नाही. नंतर तिच्या मावसबहिणीचं घर झालं, हेमंतला बोलवायचं चाललं होतं. वैशालीने माझ्यासमोर सांगितलं, हात चांगला आहे त्याचा, पण सांगितलेलं ऐकत नाही. काम दुसऱ्याकडे गेलं. मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. आई शेवटच्या आजारपणात डोळ्यांवर पदर घेऊन पडायची, दिवा बरोबर तोंडावर. तरी हेमंतला कधी लागेल असं बोलली नाही. म्हणायची, पोर आहे, चुकलं असेल. मी तिच्या उशाशी बसून पदर सारखा करायचो.

हेमंत मात्र दर भाऊबीजेला येतो. त्याच दिव्यांखाली ओवाळून घेतो, मला वाकून नमस्कार करतो. इतकं मोठं मन कुठून आणतात माणसं? बहिणीला नवऱ्याची लाज वाटू नये, एवढ्यासाठी त्याने स्वतःचं नाव खराब होऊ दिलं.

यंदा त्याने स्वतःचं घर बांधलं. ताटं मांडायला ताईलाच बोलावलं, आणि तिने मांडली तिथेच, तसूभरही न हलवता, दिवे लावले. वास्तुशांतीच्या संध्याकाळी वैशाली त्याच्या ओट्याशी कोथिंबीर चिरत होती. हातांवर सावली नव्हती. इतकी सुंदर ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"बघ," ती हेमंतला म्हणाली, "आमच्याकडे असं का नाही रे केलंस?"

"तवा अक्कल नव्हती, ताई," तो हसून म्हणाला. आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

मी ती खाल्ली.

फुल्या मी पुसल्या होत्या. हेमंतने त्याला सांगितलं तसंच केलं होतं.